मेंदूतील रक्तप्रवाहाचे एमआरआय मापन : वेग, बारकावा आणि अचूकपणा

मापन कशाचे

मेंदूच्या प्रत्येक लहान भागाला दर मिनिटाला किती रक्त मिळते, हे कवटीबाहेरून मोजण्याच्या पद्धतीला परफ्युजन एमआरआय म्हणतात. साध्या एमआरआयमध्ये मेंदूची रचना दिसते, अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या दिसतात आणि परफ्युजनमध्ये पेशींच्या वाट्याला आलेले रक्त कळते. नवेगाव खैरीहून पेंचच्या कालव्याला पाणी सुटले म्हणून ते शेवटच्या शेतापर्यंत पोचलेच, असे पारशिवनी तालुक्यातला शेतकरी धरून चालत नाही. मेंदूच्या बाबतीतही मोठी धमनी मोकळी असणे आणि पेशींना पुरेसे रक्त मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हा पुरवठा दर १०० ग्रॅम मेंदूमागे दर मिनिटाला किती मिलिलिटर, असा सांगतात. निरोगी प्रौढाच्या मेंदूत तो सरासरी ५० च्या आसपास असतो. पेशींची दाटी असलेल्या करड्या भागात तो त्याहून बराच जास्त, तर तंतूंच्या पांढऱ्या भागात २० ते २५ च्या घरात असतो. मेंदूचे वजन शरीराच्या २ टक्के, पण शरीर वापरते त्यातला सुमारे २० टक्के प्राणवायू एकटा मेंदू घेतो आणि त्याचा साठा मात्र करू शकत नाही. पुरवठा २० च्या खाली उतरला की चेतापेशींचे काम थांबू लागते; १० च्या आसपास उतरून तसाच राहिला तर पेशी मरतात. या दोन आकड्यांमधल्या पट्ट्यातील मेंदू बंद पडलेला असतो, पण मेलेला नसतो. लकव्याच्या उपचारात वाचवायचा असतो तो हाच पट्टा.

जिवंत माणसाच्या मेंदूतील रक्तप्रवाहाचे भरवशाचे पहिले मापन सीमोर केटी आणि कार्ल श्मिट यांनी १९४० च्या दशकात अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात केले. रुग्णाला थोडा नायट्रस ऑक्साइड वायू हुंगवून धमनीतील आणि मेंदूतून परतणाऱ्या शिरेतील रक्तात त्याचे प्रमाण कसे बदलते, हे ते तपासत. त्यातून साऱ्या मेंदूचा मिळून एकच आकडा निघे. कोणत्या भागाला किती रक्त मिळते, याचा नकाशा काढणे एमआरआयने सोपे केले.

दोन पद्धती

पहिल्या पद्धतीत हाताच्या शिरेतून गॅडोलिनियमयुक्त द्रव्य वेगाने टोचतात. ते मेंदूतून पहिल्यांदा वाहत जाताना एमआरआयचा संकेत काही सेकंद घसरतो. दर एक-दोन सेकंदांनी साऱ्या मेंदूचे चित्र टिपून या घसरणीचा आलेख काढतात आणि त्यावरून रक्ताचे आकारमान, प्रवाह आणि लागणारा वेळ यांचा हिशेब करतात. १९९१ मध्ये जॉन बेलिव्यू आणि सहकाऱ्यांनी बोस्टनमध्ये याच तत्त्वावर, डोळ्यांसमोर प्रकाश लखलखताच मेंदूच्या मागच्या भागातील रक्त वाढते, हे चित्रांत दाखवले. ही पद्धत जलद आहे आणि संकेतही ठळक मिळतो. पण तिला सुई लागते, मूत्रपिंडे निकामी असतील तर जपून राहावे लागते आणि तेच माप पुन्हा पुन्हा घेता येत नाही.

दुसऱ्या पद्धतीत बाहेरचे कोणतेही द्रव्य लागत नाही. जॉन डेट्रे, डोनाल्ड विल्यम्स, जॉन ली आणि ॲलन कोरेट्स्की यांनी १९९२ मध्ये ती उंदरांवर करून दाखवली. तिचे नाव आर्टेरियल स्पिन लेबलिंग, थोडक्यात एएसएल. मानेतून मेंदूकडे चढणाऱ्या रक्तातील पाण्याच्या अणुकेंद्रांची चुंबकीय दिशा रेडिओ लहरींनी उलटी करतात. म्हणजे रक्तावरच खूण केली जाते. हे रक्त मेंदूत पोचेपर्यंत थांबतात आणि चित्र घेतात. मग खूण न करता तसेच दुसरे चित्र घेतात. दोन्हींची वजाबाकी केली की स्थिर मेंदू वजा होतो आणि नव्याने आलेले रक्त उरते.

खूण करण्याच्या अनेक तऱ्हा होत्या. लहान लहान स्पंदांची सलग मालिका वापरण्याची तऱ्हा २००८ मध्ये वेयिंग दाई आणि सहकाऱ्यांनी मांडली आणि तीच पुढे रूढ झाली. २०१५ मध्ये या क्षेत्रातील तज्ज्ञांनी एकत्र येऊन रुग्णालयांसाठी शिफारशी प्रसिद्ध केल्या. खूण १.८ सेकंद करावी; त्यानंतर निरोगी प्रौढात १.८ सेकंद, रुग्णात आणि वृद्धात २ सेकंद, मुलांत १.५ सेकंद थांबावे, असे त्यांत सुचवले आहे.

वेग आणि बारकावा यांचे गणित

एएसएलची मुख्य अडचण संकेताच्या दुबळेपणाची आहे. वजाबाकीनंतर उरणारा फरक मूळ संकेताच्या जेमतेम एक टक्का असतो. शिवाय केलेली खूण पुसत जाते. ३ टेस्ला ताकदीच्या चुंबकाच्या यंत्रात ती सुमारे १.६५ सेकंदांच्या कालांकाने विरते; म्हणजे १.८ सेकंद थांबल्यावर तिचा एक तृतीयांशच भाग शिल्लक राहतो. म्हणून खूण असलेल्या आणि नसलेल्या चित्रांच्या तीसेक जोड्या घेऊन सरासरी काढतात. एका चित्राला चारेक सेकंद आणि एका जोडीला आठ धरले, तर तीस जोड्यांना चार मिनिटे होतात.

या चार मिनिटांत किती बारकावा मिळतो? चित्र ज्या लहान घनांचे बनते त्यांना व्हॉक्सेल म्हणतात. रुग्णालयातील एएसएलमध्ये व्हॉक्सेलची बाजू साधारण ४ मिलिमीटर असते. मेंदूच्या करड्या सालीची जाडी सरासरी अडीच मिलिमीटर. साहजिकच एका व्हॉक्सेलमध्ये करडा भाग, पांढरा भाग आणि मेंदूभोवतीचे पाणी अशी सरमिसळ होते. बाजू २ मिलिमीटर केली तर व्हॉक्सेलचे आकारमान ६४ वरून ८ घन मिलिमीटरवर येते आणि संकेतही आठपट घटतो. पुनरावृत्तीने होणारी सुधारणा मात्र वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणातच असते. आठपट घट भरून काढायला ६४ पट वेळ लागतो, म्हणजे चार मिनिटांच्या तपासणीला चार तासांहून जास्त. इतका वेळ कोणताही रुग्ण यंत्रात निश्चल पडून राहू शकत नाही.

वेग, बारकावा आणि आकड्याचा भरवसा हे तिघे एकाच तुटपुंज्या संकेताचे वाटेकरी आहेत. एकाला झुकते माप दिले की उरलेल्या दोघांच्या वाट्यात घट होते. गेल्या काही दशकांतील सुधारणा म्हणजे कुठे संकेत आणि कुठे वेळ वाया जातो ते शोधून ती गळती थांबवण्याचे प्रयत्न आहेत.

गळती कुठे थांबते

पहिली गळती चित्र वाचण्याच्या वेळेत होते. पीटर मॅन्सफील्ड यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या एको प्लेनर पद्धतीने मेंदूचा एक छेद ३० ते ५० मिलिसेकंदांत वाचता येऊ लागला. तरी वीस छेद एकापाठोपाठ एक वाचायचे तर सेकंदभर जातो आणि शेवटच्या छेदाची पाळी येईपर्यंत त्यातील खूण आणखी फिकी पडते. पुढच्या संशोधकांनी अनेक छेद एकाच वेळी उद्दीपित करून ते एकत्र वाचण्याची युक्ती काढली. २०१० नंतर ती सर्वत्र पसरली. चार छेद एकत्र वाचले की त्या सेकंदाचा पाव सेकंद होतो. दुसरा मार्ग साऱ्या मेंदूचे घनचित्र एकाच उद्दीपनात वाचण्याचा. त्यात सर्व भागांना सारखाच थांबा मिळतो, पण वाचन लांबले की एका दिशेने चित्र पुसट होते. म्हणून ते अनेक तुकड्यांत वाचतात. तुकडे वाढले की मध्येच डोके हलण्याची भीती वाढते.

दुसरा उपाय कॉइलचा. डोक्याभोवती एकाऐवजी ३२ ग्राहक कॉइल बसवल्या, तर प्रत्येकीला आपल्या जवळचा भाग जास्त स्पष्ट ऐकू येतो. या फरकाचा उपयोग करून मोजायच्या रेषांपैकी बऱ्याच गाळता येतात आणि गाळलेला भाग गणिताने भरून काढता येतो. डॅनियल सोडिक्सन यांचे १९९७ चे, क्लास प्रुसमान यांचे १९९९ चे आणि मार्क ग्रिसवोल्ड यांचे २००२ चे काम या वाटेवरचे टप्पे आहेत. आज बहुतेक सर्व एमआरआय यंत्रांत या पद्धती असतात. त्यांची किंमतही ठरलेली आहे : मापन निम्मे केले की संकेताचा दर्जा किमान दोनच्या वर्गमुळाने उतरतो.

एएसएलमध्ये मात्र वाचन कितीही जलद केले तरी तपासणी फारशी लवकर संपत नाही. एका चित्राच्या चार-साडेचार सेकंदांपैकी ३.६ सेकंद खूण करण्यात आणि थांबण्यात जातात आणि रक्ताला मानेतून मेंदूत पोचायला जो वेळ लागतो तो कोणत्याही यंत्राने कमी होत नाही. वाचनाचा वेग इथे चित्राच्या दर्जासाठी उपयोगी पडतो. एकूण वेळ वाचवायचा तर कमी जोड्यांत काम भागवावे लागते.

त्यासाठी पार्श्वभूमी दाबण्याचे तंत्र सर्वांत मोलाचे ठरले. वजाबाकीतला फरक एक टक्क्याचा, आणि श्वासाने, नाडीने किंवा डोके हलल्याने स्थिर मेंदूच्या संकेतात होणारा चढउतारही तेवढाच. चित्र घेण्याआधी ठरावीक क्षणी काही स्पंद देऊन स्थिर मेंदूचा संकेत जवळजवळ शून्यावर आणला, की त्याच्याबरोबर त्याचा चढउतारही दबतो. २०१५ च्या शिफारशींत यावर विशेष भर आहे.

थांबण्याच्या काळाचाही उपयोग करून घेता येतो. खूण सलग न करता तिचे सात तुकडे पाडायचे आणि कोणत्या तुकड्यात खूण करायची, कोणत्यात नाही, हे प्रत्येक चित्रात एका कोष्टकानुसार बदलायचे. आठ चित्रांच्या बेरजा-वजाबाक्यांतून सातही तुकडे वेगळे निघतात. हे कोष्टक फ्रेंच गणिती जाक हाडामार यांच्या नावाने ओळखले जाते. या रीतीने रक्त किती आले याबरोबरच ते यायला किती वेळ लागला हेही त्याच तपासणीत कळते.

तिसरा मार्ग गणिताचा. वैद्यकीय चित्रात बरीच पुनरुक्ती असते. म्हणून मोजमापे विखुरलेली आणि थोडी घेतली तरी योग्य गणिताने चित्र पुन्हा उभे करता येते, हे मायकेल लस्टिग, डेव्हिड डोनोहो आणि जॉन पॉली यांनी २००७ मध्ये एमआरआयसाठी दाखवले. मुंबईच्या आयआयटीत सुयश आवटे यांच्या गटाने मेंदूच्या क्रियादर्शी एमआरआयसाठी या जातीचे काम केले आहे. अलीकडे हेच काम शिकवलेल्या संगणकी जालांकडे सोपवले जाते. थोड्या जोड्यांचे खरखरीत चित्र दिले की अशी जाले अनेक जोड्यांच्या सरासरीसारखे स्वच्छ चित्र देतात. मात्र ज्या रुग्णांच्या चित्रांवर जाल शिकले, त्यांच्याहून वेगळा रुग्ण समोर आला तर खरा लहान दोष पुसला जाण्याचा किंवा नसलेला दिसण्याचा धोका असतो.

चौथा मार्ग यंत्राच्या ताकदीचा. चुंबकीय क्षेत्र वाढले की संकेत वाढतो आणि खूणही जास्त काळ टिकते : १.५ टेस्लावर तिचा कालांक सुमारे १.३५ सेकंद, ३ टेस्लावर १.६५, तर ७ टेस्लावर २ सेकंदांहून अधिक. २०२३ मध्ये बर्कली येथील डेव्हिड फाइनबर्ग यांच्या गटाने ७ टेस्ला यंत्राची नवी रचना प्रसिद्ध केली आणि मेंदूच्या क्रियेचे चित्रण ०.४ मिलिमीटरच्या आसपासच्या बारकाव्याने करून दाखवले. ते चित्रण रक्तातील प्राणवायूमुळे बदलणाऱ्या संकेतावर आधारलेले आहे. रक्तप्रवाहाचा थेट आकडा त्यातून मिळत नाही. शिवाय इतक्या बारकाव्यासाठी चुंबकीय उतार, म्हणजे जागेनुसार बदलणारी क्षेत्राची ताकद, भराभर बदलावे लागतात. ते फार वेगाने बदलले की हातापायांच्या नसा उद्दीपित होऊन मुंग्या येतात, स्नायू फडफडतात. म्हणजे वेगाची एक मर्यादा माणसाच्या शरीरानेच घातलेली आहे.

विदर्भातील प्रश्न : सिकलसेल

मेंदूचा रक्तप्रवाह जलद, बारकाईने आणि सुईशिवाय मोजता येण्याची गरज विदर्भात कोणाला सर्वाधिक आहे, असे विचारले तर उत्तर सिकलसेलग्रस्त मुलांना, असे द्यावे लागेल. शुक्ल आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात लिहिले. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पट्ट्यात आदिवासी आणि अनुसूचित जातींच्या समाजांत हा आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. केंद्र सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले.

या आजारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन तुटतात आणि हिमोग्लोबिन उतरते. प्राणवायू वाहून नेण्याची रक्ताची क्षमता घटली, की मेंदू जास्त रक्त ओढून ती तूट भरतो. लहान मुलांच्या मेंदूचा रक्तप्रवाह मुळातच प्रौढांच्या दीडपट ते दुप्पट असतो. सिकलसेलमध्ये तो आणखी चढतो. वाढलेला आकडा म्हणून इथे दिलासा देत नाही. प्रवाह वाढवण्याची ताकद आधीच खर्ची पडलेली असते. ताप आला किंवा हिमोग्लोबिन अचानक घसरले, तर मेंदूकडे शिलकीत काहीच उरत नाही. मग दोन मोठ्या धमन्यांच्या क्षेत्रांच्या सीमेवरचा, खोलवरचा पांढरा भाग आधी उपाशी पडतो. तिथे होणारे लहान आघात बाहेरून दिसत नाहीत. मुलाला लकवा होत नाही, पण शाळेत ते मागे पडते. ‘मुका आघात’ म्हणून हे ओळखले जातात आणि एमआरआयशिवाय ते कळत नाहीत.

मोठ्या धमनीचा धोका मात्र साध्या साधनाने ओळखता येतो. कानशिलावर यंत्र टेकवून डॉपलर सोनोग्राफीने मेंदूच्या धमनीतील रक्ताची गती मोजतात. ती सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा अधिक असलेल्या मुलांना नियमित रक्त दिल्याने लकव्याचा धोका सुमारे नऊ दशांशाने कमी होतो, हे अमेरिकेतील १९९८ च्या प्रयोगाने सिद्ध केले. मात्र डॉपलरला मोठ्या धमनीतील गती कळते. ऊतीला किती रक्त मिळाले हे कळत नाही. ती उणीव एएसएल भरून काढू शकते.

सूत्रातील गृहीतके

इथे अचूकपणाचा प्रश्न उभा राहतो. एएसएलचे सूत्र निरोगी प्रौढाचे रक्त गृहीत धरून लिहिलेले आहे. ॲनिमियात, म्हणजे हिमोग्लोबिन उतरलेले असताना, रक्तातील खूण जास्त काळ टिकते. समजा मुलाच्या रक्तात कालांक १.८ सेकंद आहे आणि सूत्रात नेहमीचा १.६५ घातला, तर १.८ सेकंद खूण आणि १.८ सेकंद थांबा धरून केलेल्या हिशेबात प्रवाह सुमारे १४ टक्क्यांनी फुगलेला दिसतो. उलट मानेतील रक्त फार वेगाने जात असेल तर खूण नीट होत नाही. सूत्र ८५ टक्के रक्तावर खूण झाली असे मानते. प्रत्यक्षात कमी झाली, तर प्रवाह खरा असेल त्याहून कमी दिसतो. दोन्ही चुका एकमेकींना खोडतील, अशी खात्री बाळगता येत नाही.

थांबण्याच्या वेळेचेही तसेच. प्रवाह वेगवान असेल तर खूण केलेले रक्त केशवाहिन्या ओलांडून शिरांमध्ये दिसू लागते. धमनी अरुंद झाली असेल तर ते वेळेत पोचत नाही आणि तो भाग कोरडा वाटतो. एकाच मुलाच्या मेंदूत दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी असू शकतात. म्हणून अनेक थांब्यांचे, हाडामार पद्धतीचे मापन अशा मुलांत विशेष उपयोगी आहे. आणि ज्या पांढऱ्या भागात मुके आघात होतात तिथेच एएसएलचा संकेत सर्वांत दुबळा असतो, कारण तिथला प्रवाह कमी आणि रक्ताला लागणारा वेळ जास्त. तिथे लहान व्हॉक्सेलचा हट्ट धरण्यापेक्षा मोठा व्हॉक्सेल आणि भरवशाचा आकडा बरा.

वेगाचा अर्थही मुलांत वेगळा होतो. चार मिनिटे निश्चल राहणे सहा वर्षांच्या मुलाला अवघड जाते. हलले की चित्र वाया जाते. झोपेचे औषध द्यावे, तर सिकलसेलमध्ये श्वास मंदावून प्राणवायू उतरण्याचा धोका. दोन मिनिटांत होणारी तपासणी तिथे खरोखर पार पडते, हाच वेगाचा लाभ.

यंत्र कुठे आहे

पारशिवनीहून नागपूर सुमारे ४० किलोमीटर. मेंदूच्या रक्तप्रवाहाचा एमआरआय तालुक्याच्या ठिकाणी होत नाही. त्यासाठी नागपूर गाठावे लागते. तिथेही एएसएल करता येईल असे सॉफ्टवेअर आणि त्याचा हिशेब जाणणारा तंत्रज्ञ हवा. यंत्र महाग असते, त्याचा चुंबक थंड ठेवायला द्रवरूप हेलियम लागतो आणि दोन्ही बहुतांशी परदेशातून येतात. या बाबतीत हालचाल विदर्भातच दिसते. बंगळुरूच्या व्हॉक्सेलग्रिड्स या कंपनीने बनवलेले, द्रवरूप हेलियम न वापरणारे १.५ टेस्लाचे भारतीय यंत्र चंद्रपूरच्या कर्करोग रुग्णालयात बसवले गेल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले. मुंबईच्या समीर या सरकारी संस्थेनेही स्वदेशी १.५ टेस्ला यंत्राच्या चाचणीसाठी त्याच वर्षी दिल्लीच्या एम्सशी करार केला.

१.५ टेस्लावर संकेत कमी आणि खूणही लवकर पुसते. तरी पार्श्वभूमी दाबणे, योग्य थांबा निवडणे आणि कमी मोजमापांतून चित्र उभे करणे या युक्त्यांना ७ टेस्लाचे यंत्र लागत नाही. त्या सॉफ्टवेअरमध्ये आणि तंत्रज्ञाच्या हातात असतात. ताकदवान यंत्र नसलेल्या जिल्ह्यात त्यांची गरज अधिकच.

व्यवहारात काय करावे

अचानक लकव्याची लक्षणे दिसली तर परफ्युजन एमआरआयची वाट पाहायची नसते. गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. म्हणून सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय ताबडतोब गाठावे. सिकलसेल असलेल्या मुलाची दोन ते सोळा वर्षे वयात दरवर्षी डॉपलर तपासणी व्हावी. एएसएल करायचे ठरले तर त्याच आठवड्यातील हिमोग्लोबिनचा अहवाल बरोबर न्यावा आणि तपासणी करणाऱ्याने तो हिशेबात घ्यावा. अहवालात केवळ रंगीत नकाशा न देता यंत्राची ताकद, थांबण्याचा काळ आणि रक्तासाठी धरलेला कालांक लिहावा. या तीन नोंदी असल्या तर पुढच्या वर्षीचा आकडा या वर्षीच्या आकड्याशी ताडून पाहता येतो. त्या नसतील तर कितीही जलद आणि बारीक चित्र उपचार ठरवायला अपुरे आहे.